चव्वेचाळीस नियमांची परिषद

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ साली एक कायदा केला आणि मुलांना शाळेत नेण्या-आणण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून करायला मुभा दिली. पुढच्या पन्नास वर्षांत, म्हणजे १९१९ पर्यंत, त्या वेळच्या सर्व ४८ राज्यांनी असे कायदे केले. मुलांना शाळेपर्यंत पोहोचवणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. ही मुले कोणत्या वाहनातून जातील, गाडीला दारे किती असतील, आसने कशी असतील आणि मागून येणाऱ्या वाहनाला ती गाडी शाळेची आहे हे कसे कळेल, याचा विचार मात्र देशपातळीवर कोणी केलेला नव्हता. तो विचार करण्यासाठी १९३९ मध्ये एक परिषद भरली. ती पुन्हा पुन्हा भरत राहिली आणि तिचीच एक संस्था झाली. आज ती ‘नॅशनल काँग्रेस ऑन स्कूल ट्रान्सपोर्टेशन’ या नावाने ओळखली जाते. जगभर ओळखीच्या झालेल्या पिवळ्या शाळाबसच्या घडणीमागे या परिषदेचे काम आहे.

परिषदेची कल्पना फ्रँक सीर यांची. १९०० साली नेब्रास्कात जन्मलेले सीर ग्रामीण भागातच वाढले, तिथल्या शाळांत त्यांनी काम केले आणि नंतर न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ते ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक झाले. त्या काळात खेड्यापाड्यांतील एकखोली शाळा बंद करून अनेक गावांसाठी एकच मोठी शाळा काढण्याचे धोरण जोर धरत होते. साहजिकच घर ते शाळा हे अंतर वाढले आणि वाहनाची गरजही वाढली. १९३७ मध्ये सीर यांनी दहा राज्यांतील शाळावाहतुकीची पाहणी केली, तेव्हा त्यांना एकसारखी अशी एकही गोष्ट आढळली नाही. कुठे मालमोटारीवर बाक ठोकून मुले बसवलेली, तर कॅन्सासमधील एका ठिकाणी गव्हाच्या घोडागाडीतून त्यांची ने-आण चाललेली. गाड्यांचे रंगही ज्या-त्या शाळेच्या मर्जीचे. काही जिल्ह्यांनी मुलांच्या मनात देशप्रेम रुजावे म्हणून बस लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांत रंगवल्या होत्या. हेतू चांगला होता, पण अशी बस रस्त्याच्या पार्श्वभूमीत मिसळून जाई आणि दिसायची तितकी दिसत नसे, हे सीर यांनी नेमके हेरले.

या अव्यवस्थेचा दुसरा भार पैशाचा होता. प्रत्येक राज्याची, कित्येकदा प्रत्येक जिल्ह्याची मागणी वेगळी असल्यामुळे कारखानदारांना एका साच्याच्या बस मोठ्या संख्येने बनवता येत नसत. गाडी महाग पडे आणि गरीब जिल्हे सुरक्षिततेतच काटकसर करत. सुरक्षित बस आणि परवडणारी बस हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकाच मापदंडाने दोन्ही साधतील, ही सीर यांची मांडणी होती. रॉकफेलर घराण्याच्या देणगीनिधीतून या कामासाठी पाच हजार डॉलर मिळाले.

एप्रिल १९३९ मध्ये टीचर्स कॉलेजमध्ये सात दिवस ही परिषद चालली. सर्व ४८ राज्यांचे शिक्षणखात्यांतील प्रतिनिधी आले. ब्लू बर्ड, वेन, शेव्हरोले, फोर्ड, डॉज, इंटरनॅशनल हार्वेस्टर अशा बस आणि सांगाडे बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते आले, रंग बनवणाऱ्या कंपन्यांची माणसेही आली. खरेदी करणारे आणि बनवणारे एकाच टेबलाशी बसले, हे या परिषदेचे मोठे यश मानले पाहिजे. बसच्या कायेची लांबी, छताची उंची, आसनांमधील वाटेची रुंदी अशा बाबी एकेक करून ठरत गेल्या आणि सात दिवसांच्या शेवटी ४४ मापदंड मंजूर झाले.

त्यांतला रंगाचा निर्णय सर्वांत प्रसिद्ध झाला. सभागृहाच्या भिंतीवर रंगाच्या पन्नास छटा टांगण्यात आल्या. लिंबासारख्या फिक्या पिवळ्यापासून तांबूस गडद नारिंगीपर्यंत त्या क्रमाने लावल्या होत्या. निवड करणाऱ्यांसमोर कसोटी स्पष्ट होती. मुले बसमध्ये चढतात ती बहुधा भल्या सकाळी आणि उतरतात ती उन्हे कलल्यावर. अशा अपुऱ्या उजेडात बस लांबून दिसली पाहिजे आणि तिच्यावरची काळी अक्षरे वाचता आली पाहिजेत. नारिंगीकडे झुकणारा एक पिवळा या कसोटीस उतरला. दर वेळी तंतोतंत तीच छटा जुळवणे तेव्हाच्या रंगनिर्मितीला जमणारे नव्हते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंच्या थोड्या फिक्या आणि थोड्या गडद छटाही मान्य करण्यात आल्या. ‘नॅशनल स्कूल बस क्रोम’ असे या रंगाचे नाव पडले. क्रोम हा शब्द त्यातील शिसेयुक्त रंगद्रव्यावरून आला होता. पुढे रंगातून शिसे काढून टाकण्यात आले आणि नावही ‘नॅशनल स्कूल बस ग्लॉसी यलो’ असे झाले.

परिषदेचे ठराव म्हणजे कायदा नव्हे. हे तिचे बळ होते आणि मर्यादाही. तिच्या हाती दंड करण्याचा अधिकार नव्हता. राज्य मान्य करील तेव्हाच मापदंड त्या राज्यात लागू होई. काही राज्यांनी तो लगेच स्वीकारला, काहींनी वर्षानुवर्षे चालढकल केली. साधा पिवळा रंगसुद्धा सर्व राज्यांत पोहोचायला १९७४ साल उजाडले. सर्वांत शेवटी तो मिनेसोटाने मान्य केला. एका रंगासाठी पस्तीस वर्षे लागली, यावरून बाकीच्या मापदंडांसाठी किती पत्रव्यवहार, किती सभा आणि किती मनधरणी झाली असेल, याची कल्पना येते.

महायुद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, दुसरी परिषद भरली. त्यानंतर १९४८, १९५१, १९५४, १९५९, १९६४ आणि १९७० असा क्रम चालू राहिला. प्रत्येक बैठकीत आधीची नियमावली समोर ठेवून ती कलमागून कलम वाचली जाई आणि काय टिकले, काय कालबाह्य झाले हे ठरवले जाई. आरंभी लक्ष मुख्यतः मोठ्या बसच्या बांधणीवर होते. हळूहळू लहान गाड्या, चालकाची निवड आणि प्रशिक्षण, देखभाल, मुलांनी बसमध्ये कसे वागावे, अपंग मुलांना नेताना काय काळजी घ्यावी, असे विषय तीत आले. बसच्या पत्र्यापासून सुरू झालेली नियमावली अशी बसभोवतीच्या माणसांपर्यंत येऊन पोहोचली.

दरम्यान लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक महत्त्वाचे काम झाले. डेर्विन सेव्हेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या शाळाबस एकमेकींवर आदळवून आत बसवलेल्या पुतळ्यांचे काय होते याची मोजणी केली. १९६७ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बुटक्या पाठीची, वर लोखंडी दांडी असलेली जुनी आसने मुलांना वाचवत नाहीत, उलट इजा करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. आसनांच्या पाठी उंच, भक्कम आणि जाड गादीच्या असाव्यात, दोन आसनांत अंतर कमी असावे, म्हणजे टक्कर झाली तरी मूल त्या दोन पाठींच्या मधल्या कप्प्यातच राहील आणि धक्का पुढच्या आसनाची गादी शोषून घेईल, हा विचार या अभ्यासातून बळकट झाला. संशोधकांची शिफारस २८ इंच उंच पाठीची होती.

१९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्याने अमेरिकी केंद्र सरकार या क्षेत्रात उतरलेच होते. १९७४ मध्ये संसदेने त्या कायद्यात शाळाबससाठी खास दुरुस्ती केली आणि संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग, आसने, बसच्या कायेची मजबुती, इंधनटाकी, खिडक्या अशा आठ बाबींवर सक्तीचे मानक करण्याचा आदेश दिला. त्यातून बस उलटली तरी छत दबू नये म्हणून २२० क्रमांकाचे मानक आले, पत्र्याचे जोड सुटू नयेत म्हणून २२१ आले आणि आसनांच्या कप्प्यांसाठी २२२ आले. संशोधकांच्या २८ इंचांऐवजी नियमात २० इंच आले, हे मान्य करावे लागते. तरीही आतापर्यंत शिफारस म्हणून जगलेल्या कल्पनांना प्रथमच कायद्याचे बळ मिळाले. ही मानके १ एप्रिल १९७७ नंतर बनणाऱ्या बसना लागू होणार होती.

त्या तारखेआधीच कॅलिफोर्नियातील मार्टिनेझजवळ २१ मे १९७६ रोजी युबा सिटी हायस्कूलच्या गायनवृंदाची बस उतारमार्गाच्या उंच कठड्यावरून खाली उलटी कोसळली. २८ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरच्या एक मार्गदर्शक मृत्युमुखी पडल्या. आणि १ एप्रिल १९७७ या तारखेचा अर्थ काय होता, हे अकरा वर्षांनी केंटकीतील कॅरोल्टनजवळ दिसले. १४ मे १९८८ च्या रात्री एका चर्चच्या मुलांना सहलीहून घरी नेणाऱ्या, एकेकाळी शाळेच्या सेवेत असलेल्या बसला मद्यपी चालकाचा पिकअप ट्रक चुकीच्या दिशेने येऊन समोरून धडकला. धडकेने कोणी दगावले नाही. इंधनटाकी फुटून आग लागली, पुढचे दार निकामी झाले, मागच्या दाराच्या वाटेत सामान होते. आग आणि धुराने २७ जणांचे प्राण घेतले, त्यांत २४ मुले-मुली होत्या. ती बस मार्च १९७७ मध्ये बनलेली होती. इंधनटाकीच्या संरक्षणाचे नवे मानक लागू होण्याच्या काही दिवस आधीची.

दुर्घटनांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या घटनेचा बारकाईने अभ्यास केला. केंटकीने आपल्या शाळाबसना पुढच्या-मागच्या दारांबरोबर बाजूचे दार, उघडणाऱ्या खिडक्या आणि छतावरील झडपा मिळून नऊ निर्गममार्ग सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९८९ रोजी, टेक्सासमधील ॲल्टन इथे ट्रकच्या धडकेने शाळेची बस पाणी भरलेल्या खाणीच्या खड्ड्यात गेली आणि २१ विद्यार्थी बुडून गेले. पाण्यात बुडणाऱ्या आणि पेटलेल्या, दोन्ही बसमधल्या मुलांची अडचण एकच होती: बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. १९९२ मध्ये केंद्राने आपले मानक सुधारले आणि बसमध्ये जितकी मुले बसतात त्या प्रमाणात निर्गममार्ग असलेच पाहिजेत असे ठरवले. नियमावलीतील हा भाग वाचताना त्यामागची मुले आठवली पाहिजेत.

याच काळात एका वेगळ्या वस्तुस्थितीने लक्ष वेधले, आणि ती पुढे आणण्याचे श्रेय कॅन्सास राज्याच्या शिक्षणखात्याला जाते. बसमध्ये चढताना-उतरताना देशभरात किती मुले दगावली, याची नोंद हे खाते १९७० च्या दशकापासून दरवर्षी गोळा करून प्रसिद्ध करत आले आहे. राज्याराज्यांना पत्रे पाठवायची, आलेल्या नोंदी तपासायच्या, तक्ते करायचे, असे हे गाजावाजा नसलेले काम आहे. त्यातून दिसले की बसच्या आत मरण पावणाऱ्या मुलांपेक्षा बसच्या बाहेर, दाराशी किंवा रस्ता ओलांडताना दगावणारी मुले अधिक. त्यांत पाच ते सात वर्षांची चिमुकली बरीच, आणि कित्येकांना धडक बसली ती त्यांच्याच बसची. हातातून पडलेला कागद उचलायला वाकलेले मूल उंच बसच्या चालकाला दिसतच नसे.

ही माहिती समोर आल्यावर नियमांचा रोख बदलला. बसभोवतीचा दहा फुटांचा पट्टा धोक्याचा मानून चालक आणि मुले दोघांना तसे शिकवले जाऊ लागले. पुढच्या बंपरला आडवी उघडणारी दांडी आली. मूल तिला वळसा घालून जाते, त्यामुळे चालकाच्या नजरेत राहते. बसच्या अगदी पुढ्यातली आणि बाजूची जमीन दिसावी म्हणून १९९२ मध्ये आरशांचे मानक बदलले. बस थांबताच डाव्या बाजूने बाहेर येणारी लाल अष्टकोनी ‘थांबा’ पाटी १९९१ च्या नियमाने नव्या बसना सक्तीची झाली. ऑक्टोबर १९९५ मध्ये इलिनॉयमधील फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे सिग्नलला थांबलेल्या बसचा मागचा भाग रेल्वेरुळांवर राहिला आणि रेल्वेगाडीच्या धडकेत सात विद्यार्थी गेले. त्यानंतर रेल्वे फाटक आणि रस्त्यावरील सिग्नल यांचा मेळ, तसेच मार्गाची ओळख नसलेल्या बदली चालकाची तयारी, या गोष्टींकडे देशभर लक्ष गेले.

या सगळ्याआधी, १९७० च्या दशकात, परिषद मात्र अडचणीतून गेली होती. १९७० नंतरची बैठक थेट १९८० मध्ये झाली. केंद्राची मानके आल्यावर राज्यांच्या या मेळाव्याची गरज उरली का, असा प्रश्न तेव्हा पडणे स्वाभाविक होते. उत्तर कामातून मिळाले. केंद्राचे मानक नवी बस कशी बनावी ते सांगते. तीच बस पुढे वर्षानुवर्षे कशी चालवावी, कशी तपासावी, चाकाची खुर्ची वापरणारे मूल कसे चढवावे, चालकाला काय शिकवावे, हे राज्यांनाच ठरवावे लागते आणि तेही सर्वांनी मिळून ठरवलेले बरे. १९८५ पासून परिषद दर पाच वर्षांनी भरू लागली. अनेक वर्षे ती मिसुरीतील वॉरेन्सबर्गच्या विद्यापीठात होत असे. राज्यांच्या वाहतूक संचालकांची संघटना, विद्यार्थी वाहतुकीतील व्यावसायिकांची संघटना आणि बस कंत्राटदारांची संघटना यांनी तिचा भार उचलला.

बैठकीआधी कितीतरी महिने विषयवार लेखनसमित्या मसुदे तयार करतात. बसची काया, सांगाडा, विशेष गरजा असलेली मुले, चालवण्याच्या पद्धती असे त्यांचे विभाग असतात. राज्यांचे प्रतिनिधी सभागृहात प्रत्येक दुरुस्तीवर बोलतात आणि मतदान होते. ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील एका शब्दासाठी तिथे दीर्घ चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी, कारण त्या शब्दावर एखाद्या राज्याची खरेदी आणि एखाद्या मुलाची सुरक्षितता अवलंबून असते. या प्रतिनिधींत शाळाजिल्ह्यांचे वाहतूकप्रमुख असतात, बसच्या पोटाखाली शिरून काम केलेले यांत्रिकी असतात, पूर्वी स्वतः बस चालवलेली माणसे असतात. त्यांची नावे मोठ्या इतिहासात येत नाहीत, पण नियमावलीचे प्रत्येक पान त्यांच्या अनुभवावर उभे आहे.

१९८९ मध्ये परिषदेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त फ्रँक सीर यांचा गौरव झाला. पिवळ्या शाळाबसचे जनक म्हणून तोवर त्यांची ओळख झाली होती. १९९५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील स्टॅमफर्ड या गावी त्यांचे निधन झाले.

नियम बदलण्याची सर्वांत लांबलेली चर्चा सीटबेल्टची. मोठ्या बसमध्ये उंच पाठींचे कप्पे पुरेसे आहेत, नुसता कमरेचा पट्टा पोटाला इजा करील आणि पट्ट्यांमुळे कमी मुले बसून काहींना अधिक धोकादायक वाहनांतून जावे लागेल, असे एक मत होते. बस कुशीवर पडली किंवा उलटली तर कप्पा मुलाला धरून ठेवत नाही, असे दुसरे. दोन्ही मतांमागे मुलांची काळजीच होती. न्यूयॉर्कने १९८० च्या दशकात नव्या बसमध्ये पट्टे आणले, मग न्यू जर्सीने.  २००८ मध्ये केंद्राने आसनांच्या पाठीची उंची २० वरून २४ इंच केली आणि लहान बसना खांदा-कमर पट्टे सक्तीचे केले. मोठ्या बसचा निर्णय राज्यांवर सोडला. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाचे तत्कालीन प्रमुख मार्क रोझकाइंड यांनी प्रत्येक शाळाबसमधील प्रत्येक मुलाला तीनबिंदू पट्टा मिळावा अशी भूमिका जाहीर केली. पुढच्याच वर्षी टेनेसीतील चॅटनूगात भरधाव बस उलटून सहा मुले गेली. २०१८ मध्ये सुरक्षा मंडळाने सर्व नव्या मोठ्या बसमध्ये खांदा-कमर पट्टे असावेत, अशी शिफारस राज्यांना केली. चाळीस वर्षांत पुराव्याबरोबर मत बदलले आणि ते उघडपणे बदलले गेले, ही या क्षेत्राची प्रतिष्ठा वाढवणारी गोष्ट आहे.

भारतातही हा विचार दुःखातूनच पुढे सरकला. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर शाळाबससाठी निर्देश दिले आणि आपल्याकडेही पिवळा रंग शाळाबसची खूण ठरला. महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळाबससाठी स्वतंत्र नियम केले. शाळेशाळेत परिवहन समिती नेमण्याची तरतूद त्यांत आहे. तिच्या बैठकीत मुख्याध्यापक, पालक, पोलीस आणि आरटीओ यांनी एकत्र बसायचे असते. या समित्या नियमितपणे भरल्या, तर नियम कुठे अपुरे पडतात हे सर्वांत आधी त्यांनाच कळेल.

अमेरिकेत आज सुमारे पावणेपाच लाख शाळाबस धावतात आणि मोटारीने शाळेत जाण्यापेक्षा बसने जाणे मुलांसाठी कितीतरी सुरक्षित मानले जाते. २०१५ ची सोळावी बैठक आयोवातील डि मॉइन इथे झाली. २०२० ची बैठक कोविडच्या साथीमुळे भरू शकली नाही. दहा वर्षांच्या खंडानंतर, २०२५ मध्ये, सतरावी काँग्रेस पुन्हा डि मॉइनलाच भरली. त्या दहा वर्षांत रस्त्यावर बरेच काही बदलले होते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने स्वच्छ शाळाबससाठी पाच अब्ज डॉलरची तरतूद केल्यामुळे विजेवरच्या बस आल्या होत्या, ‘थांबा’ पाटी ओलांडून जाणाऱ्या मोटारी टिपणारे कॅमेरे अनेक राज्यांत बसले होते, आणि चालक मिळत नाहीत ही तक्रार सर्वत्र होती. काँग्रेसने मंजूर केलेला मजकूर ‘नॅशनल स्कूल ट्रान्सपोर्टेशन स्पेसिफिकेशन्स अँड प्रोसीजर्स’ या पुस्तकात छापला जातो. तिथून तो राज्याराज्यांच्या शिक्षणखात्यांकडे जातो आणि कोणते कलम जसेच्या तसे घ्यायचे, कोणते आपल्या रस्त्यांना आणि हवामानाला धरून बदलायचे, हे ती खाती आपापल्या नियमांत ठरवतात.